पुणे की बेंगळुरू: पाळकीय शिक्षणाची निवड

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका तरुणाला पाळकीय सेवेसाठी, म्हणजे पाळक (पास्टर) होण्यासाठी, ईश्वरविज्ञान शिकायचे आहे. पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि बेंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज यांत त्याचे मन अडकले आहे. ‘मुलगा श्रद्धा गमावून तर येणार नाही ना?’ ही त्याच्या वडिलांची चिंता आहे.

हाच निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९५३ साली यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्यास आलेली सेमिनरी शास्त्रवचनाच्या अधिकाराला आणि सुवार्ताप्रसाराला केंद्रस्थानी ठेवते, त्यामुळे तेथे घरच्या श्रद्धेला सहसा खोली येते. १९१० पासूनच्या बेंगळुरूच्या महाविद्यालयात पवित्र शास्त्राची ऐतिहासिक चिकित्सा (ते कधी, कोणी, कोणत्या परिस्थितीत लिहिले याची तपासणी) आणि सामाजिक न्यायाचे प्रश्न अग्रभागी असतात. दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती श्रद्धेचा विचार करणाऱ्या दलित ईश्वरविज्ञानाला चालना देणारे अरविंद निर्मळ यांचे १९८१ मधील भाषण तेथेच झाले. अशा वातावरणात विद्यार्थी हादरतो, हे खरे. पण त्या हादऱ्याला मी श्रद्धेचा ऱ्हास मानत नाही.

अंतराने पुणे जवळ पडते. शिकवणे दोन्हीकडे इंग्रजीतच. मात्र पुण्यात आसपासच्या मराठी मंडळ्यांत उपदेशाचा सराव होतो, तर बेंगळुरूत सीमाभागात रोज लागणारी कन्नड पक्की होते.

गावोगावच्या मराठी उपासनांची जबाबदारी लगेच घ्यायची असेल, तर पुणे योग्य. जातीचे प्रश्न आणि दोन्ही भाषांतील लोक यांच्यामध्ये उभे राहायचे असेल, तर बेंगळुरू. परंतु वडिलांशी मोकळेपणी बोलूनच त्याने जावे.