मृत्यूनंतरच्या तारखेची सही आणि माझे १,१५० पौंड

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) आणि ‘विश यू वर हिअर’ (१९७५) या अल्बमांच्या मुखपृष्ठांच्या दोन स्क्रीनप्रिंट (जाळीच्या पडद्यातून शाई दाबून छापलेली चित्रे) मी गेल्या मार्चमध्ये घेतल्या. ही मुखपृष्ठे घडवणारे कलावंत स्टॉर्म थॉर्गर्सन यांनी स्वतः पेन्सिलीने सही केलेल्या, असे सांगून त्या मला विकण्यात आल्या. दोन्ही बनावट निघाल्या आणि १,१५० पौंड गेले. इथे इंग्लंडमध्ये आपल्यापैकी अनेक जण अशा वस्तू जमवतात, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे.

स्वस्ताच्या मोहाने फसलो, असे कोणी म्हणू नये. पहिल्या प्रिंटचे ६८० आणि दुसरीचे ५३० पौंड सांगितले होते, आणि बाजारभाव पाहता त्यात खटकण्यासारखे काही नव्हते. विक्रेताही जाणकार होता. ही मुखपृष्ठे करणारी हिप्नोसिस ही संस्था थॉर्गर्सन आणि ऑब्री पॉवेल यांची असली तरी ‘डार्क साइड’वरील लोलकाचे प्रत्यक्ष रेखाटन जॉर्ज हार्डी यांचे आहे, हे मी न विचारताच त्याने सांगितले. इतका बारकावा सांगणारा माणूस प्रामाणिकच असणार, असे मी गृहीत धरले. माहिती कोणालाही मिळवता येते, हे तेव्हा मनात आले नाही. कार्डाऐवजी थेट बँकेत पैसे भरल्यास ६० पौंड कमी करतो, असे तो म्हणाला आणि मी ते मान्य केले. ब्रिटनमध्ये १०० पौंडांहून अधिक किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यानुसार कार्ड देणारी कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. ते संरक्षण मी ६० पौंडांसाठी सोडून दिले.

मात्र मला झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. पैसे भरण्याआधी त्याने प्रमाणपत्राचे छायाचित्र पाठवले होते. त्यावर ‘११२/५००’, म्हणजे पाचशे प्रतींपैकी एकशे बारावी, हा क्रमांक होता आणि ‘नोव्हेंबर २०१४ मध्ये कलावंताने समक्ष सही केली’ असे स्पष्ट छापलेले होते. थॉर्गर्सन १८ एप्रिल २०१३ रोजी वारले. ही तारीख मला ठाऊक होती. पुण्याच्या वसतिगृहात १९८६ साली कॅसेटच्या टीचभर कागदावर तो लोलक मी प्रथम पाहिला होता, आणि ते गेल्याची बातमी वाचून तीच जुनी कॅसेट कपाटातून काढून बराच वेळ हातात धरून बसलो होतो. असे असूनही, रात्री अकरा वाजता, दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे असे तो सांगत असताना, मी क्रमांक प्रिंटशी जुळतो का एवढेच ताडून पाहिले आणि तारखेवरून नजर तशीच पुढे गेली. दिवसा, शांतपणे वाचले असते तर हे घडले नसते, असे मला अजूनही वाटते. रात्री व्यवहार करू नका.

फ्रेम करणाऱ्याने भिंग लावताच खरे काय ते कळले. स्क्रीनप्रिंटमध्ये शाईचा रंग सलग, थर दिल्यासारखा बसतो. या कागदावर चार रंगांचे बारीक ठिपके होते, म्हणजे ती साधी ऑफसेट छपाई होती. सहीसुद्धा ठिपक्यांचीच होती. खऱ्या पेन्सिलीची रेघ तिरप्या उजेडात चकाकते. सहीचे जवळून, तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

त्यानंतर दाद मागण्याचे चार महिने गेले. बँकेने सांगितले की वस्तू हाती पडली आहे, त्यामुळे ही फसवणूक नसून खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातील वाद आहे. म्हणजे रिकामे खोके आले असते तर माझी बाजू अधिक भक्कम ठरली असती! पोलिसांनी तक्रार क्रमांक दिला आणि पाच आठवड्यांनी, तपास करता येत नाही, असे दोन ओळींचे पत्र पाठवले. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती, त्यांनी व्यवहार आमच्यामार्फत झाला नाही म्हणून हात झटकले. मृत माणसाच्या सहीचे प्रमाणपत्र मी तिघांनाही पाठवले होते. ती तारीख पाहून तिघांपैकी एकानेही मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, याचा संताप पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा मोठा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर फोनवर बोलत बसू नका. प्रत्येक उत्तर लेखी मागा आणि जाहिरात काढून टाकली जाण्याआधी तिची छायाचित्रे घेऊन ठेवा.

विक्रेत्याचे खाते अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात त्याने लोलकाची तीच प्रिंट ‘२१४/५००’ असा क्रमांक घालून ७१० पौंडांना विक्रीस लावली असून, सोबतच्या प्रमाणपत्रावर नोव्हेंबर २०१४ हीच तारीख आहे.