दहावीनंतर फिटर की अकरावी-बारावी?

दोन्हीकडे वर्षं दोनच. पण आयटीआयचा फिटर (यंत्राचे भाग घासून, जुळवून बसवणारा कारागीर) बाहेर पडतो तेव्हा हाताला कानस आणि व्हर्नियर या मापन-साधनाची सवय असते. त्यानंतर कारखान्यात ॲप्रेंटिसशिप केली की विद्यावेतन सुरू. मुलाखतीत मुलं अडकतात ती मोजमापात: व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर ०.०१, शून्यत्रुटी (साधन बंद असताना शून्य न दाखवणं) न तपासता वाचलं की जॉब, म्हणजे बनवलेला भाग, रिजेक्ट. पहिला पगार लवकर हवा तर हीच वाट.

नुसत्या बारावीवर कारखान्यात बहुधा हेल्परचंच काम मिळतं. मात्र पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, पदवीचं दारही तिथून थेट उघडतं. उलट रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला (सहाय्यक इंजिनचालक) दहावी आणि आयटीआय चालतं, नुसती बारावी नाही. फिटरला पुढे इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथे गणित मात्र रडवतं.