इस्तंबूलच्या बाजारात केशराच्या भावानं करडई

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही परभणीहून टूरसोबत तुर्कस्तानला गेलो होतो. इस्तंबूलच्या एमिनोनू भागात 'मिसर चार्शी' नावाचा जुना, छताखालचा मसाल्याचा बाजार आहे. सतराव्या शतकात इजिप्तच्या महसुलातून बांधलेला, दुकानांचं भाडं शेजारच्या मशिदीच्या खर्चाला लावून दिलेलं. आत शिरलं की दोन्ही बाजूंना सुमाक, लाल मिरची, अंजीर आणि लोकुम नावाच्या मिठाईच्या राशी. बाजार बघण्यासारखा आहे, जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण केशर घेताना माझं जे झालं ते तुमचं होऊ नये, म्हणून लिहिते आहे.

केशर मला भाचीसाठी हवं होतं. तिला पाचवा महिना लागला होता. दुकानदार बोलायला फार गोड. 'नमस्ते इंडिया' म्हणत त्यानं सफरचंदाचा चहा दिला, लोकुम खाऊ घातलं आणि काउंटरखालून एक काचेची डबी काढून माझ्या नाकाशी धरली. वास अस्सल केशराचा होता, त्यात शंका नाही. मी वीस ग्रॅम मागितलं. वजन मात्र त्यानं मागच्या मोठ्या बरणीतून केलं. माझ्या डोळ्यांदेखत केलं, पण मी तेव्हा यांच्याशी पैशांचं बोलत होते. १,८०० लिरा झाले, आपले साधारण साडेचार हजार. एवढं केशर इथे या पैशांत येत नाही, म्हणून मला ते स्वस्तच वाटलं.

परत आल्यावर त्याच्या दोन डब्या केल्या. एक लातूरला भाचीकडे पाठवली, एक घरी ठेवली. आठेक दिवसांनी सासूबाईंनी कोमट दुधात चार काड्या टाकल्या. दूध लगेच पिवळं झालं, वास काही आला नाही. त्यांनी एक भिजलेली काडी तळहातावर घेतली आणि नखानं हळूच उलगडली. टोकाला पाच बारीक पाकळ्या सुटल्या.

"अगं माय, हे तर करडीचे फुलं हैत!"

सासूबाईंनी चाळीस वर्षं करडी काढली आहे, तीही पहाटे, दवानं काटे नरम असताना. त्यांची नजर चुकणं शक्य नव्हतं. आमच्या परभणीचं कृषी विद्यापीठ करडईचे वाण काढतं, आमच्याच शिवारात ती पिकते. तिचीच फुलं परक्या देशात माझ्या गळ्यात मारली गेली, याचा संताप अजून जात नाही.

बिल काढून पाहिलं तर त्यावर 'अस्पिर' छापलेलं. मुलानं मोबाईलवर शोधलं. तुर्की भाषेत अस्पिर म्हणजे करडई, केशराला 'साफ्रान' म्हणतात. तोंडानं केशर म्हणायचं आणि बिलावर करडई लिहायची. आता तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार?

तिकडे करडईच्या फुलांना सर्रास 'टर्किश सॅफ्रन' म्हणून खपवतात. ती पाटी दिसली की पुढे चला. ज्या डबीचा वास दिला त्याच डबीतलं वजन करायला लावा आणि नजर तराजूवरून हलवू नका. केशराच्या एका फुलातून तीनच काड्या निघतात, म्हणून ते कुठल्याच देशात स्वस्त नसतं. खरी काडी एका टोकाला तुतारीसारखी पसरट असते. कोमट पाण्यात रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. दुकानदार पाणी द्यायला कुरकुरला तर समजून जा. कार्डनं पैसे देताना मशीनवर लिराच निवडा. आम्ही रुपये निवडले, तिथेही जास्तीचे कापले गेले.

पैशांचं सोडा. सासूबाईंनी ती काडी उलगडली आणि मी आधी लातूरला फोन लावला. भाचीनं आठ दिवस ते दूध घेतलं होतं. करडईची फुलं गरोदरपणात टाळायला सांगतात, चिनी वैद्यकात तर ती वर्ज्यच मानतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठीक आहे म्हणाले. ती मधली रात्र मी इकडे आणि माझी बहीण तिकडे, दोघी फोन हातात धरून बसून होतो.