पॅरमचं गुप्त प्रतिकार दलाचं संग्रहालय: आधी भुयार बघा

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, फ्रॅमलिंगहॅमजवळ पॅरमचा जुना विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ३९० व्या बॉम्बर गटाची विमानं इथून उडायची. त्यांचं संग्रहालय कंट्रोल टॉवरमध्ये आहे आणि त्याच आवारात ब्रिटिश प्रतिकार दलाचं. बरेच जण विमानांत रमतात आणि दुसरं जाता जाता उरकतात. उलट करावं.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. जर्मन फौजा आता ब्रिटनमध्ये उतरणार असं धरूनच कर्नल कॉलिन गबिन्स यांनी हे दल उभारलं. नाव मुद्दाम मिळमिळीत ठेवलं: ऑक्झिलरी युनिट्स. माणसं शेतकरी, शेतमजूर, शिकारीची राखण करणारे गेमकीपर, म्हणजे रानाची खडान्‌खडा माहिती असलेले. चार ते आठ जणांची एक तुकडी, कागदोपत्री होमगार्डची, म्हणजे स्थानिक स्वयंसेवकांच्या संरक्षण दलाची. शत्रू पुढे सरकला की त्याच्या पिछाडीला भुयारात दडून राहायचं आणि रात्री बाहेर पडून पेट्रोलचे साठे, दारूगोळा, रेल्वे उडवायची. शिधा सुमारे दोन आठवड्यांचा. त्याहून जास्त दिवस ते जगतील असा वरिष्ठांचा हिशेबच नव्हता.

इथलं खरं आकर्षण म्हणजे आत उतरून पाहता येणारी भुयाराची प्रतिकृती. मूळ भुयारांचा ठरावीक नमुना असा: खड्ड्यात पन्हाळी पत्र्याची कमान, दोन्ही टोकांना भिंती, वरून मातीचा थर. एका टोकाला शिडीचा उभा चर, दुसऱ्या टोकाला काँक्रीटच्या नळांचा निसटायचा बोगदा. आत फळ्यांचे बंक, रॉकेलचे दिवे, स्टोव्ह, रासायनिक संडास. उतरण्याच्या चरासमोर विटांची आडवी भिंत असायची. वरून कुणी हातबॉम्ब टाकलाच तर स्फोटाचा मारा तिथेच अडावा आणि मागच्यांना बोगदा गाठायला काही क्षण मिळावेत, एवढाच तिचा उपयोग.

आत उतरायच्या झडपेजवळ मात्र थांबा. झाकण म्हणजे मातीने भरलेला ट्रे, वर रानातलाच पालापाचोळा आणि झाडोरा. ट्रे उथळ असला की माती लवकर सुकते, झाडं कोमेजतात आणि जंगलात एक पिवळा चौकोन उठून दिसतो. रोज एकाच वाटेने आलं की पायवाट पडते. खणलेली माती तर सर्वांत मोठी डोकेदुखी, कारण खालच्या थराचा रंग वेगळा. ती लांब नेऊन टाकावी लागे. काही ठिकाणी उंदराच्या बिळासारख्या भोकात गोटी सोडायची सोय होती. ती नळीतून घरंगळत आत डब्यावर आपटली की आतले समजायचे, आपलाच माणूस आहे.

प्रतिकृती एका बाबतीत तोकडी पडते आणि ते अटळ आहे: ती कोरडी आहे. खऱ्या भुयारात सहा-सात माणसांच्या श्वासाने पत्र्याला घाम सुटे आणि ओलीने स्फोटकं व फ्यूज खराब होत. हवेचे नळ बुजले तर दिवे मिणमिणू लागत, डोकी धरत.

टाइम पेन्सिल हा ठरावीक वेळाने स्फोट घडवणारा फ्यूजही समजून घ्या. तांब्याची नळी चिमटली की आतली काचेची कुपी फुटते, द्रव बारीक तार खात जातो, तार तुटली की स्प्रिंगचा खिळा सुटून ठिणगी पाडणाऱ्या स्फोटक टोपीवर आदळतो. रंगपट्टीवरून वेळ कळते: काळी सुमारे १० मिनिटं, लाल अर्धा तास. पण थंडीत ही वेळ बरीच लांबते, म्हणून एका स्फोटकाला दोन पेन्सिली लावत.

लंडनहून यायचं तर इप्सविचला गाडी बदलून विकहॅम मार्केट स्टेशन. ते त्या गावात नसून कॅम्प्सी ॲश इथे आहे, तिथून पुढे टॅक्सी. संग्रहालय हंगामी असून मोजकेच दिवस उघडतं, त्यामुळे दिवस-वेळ आधी पाहून घ्या. गुडघे दुखत असतील तर भुयारात उतरण्याआधी आतली वाट कशी आहे ते विचारा. दलाचं मुख्यालय असलेलं कोल्सहिल हाउस १९५२ मध्ये जळालं, पण नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातल्या त्या आवारातही अशी एक प्रतिकृती आहे. मूळ भुयारांपैकी बरीचशी खासगी जमिनीत आहेत आणि पत्रा गंजून छत केव्हाही बसू शकतं. परवानगीशिवाय, एकट्याने तिथे उतरू नका.