करआकारणीवरील हरकत: बोलण्यापेक्षा मोजणी कामी आली

आमच्या महानगरपालिकेच्या करआकारणी व करसंकलन विभागाकडे घराच्या वाढीव आकारणीविरुद्ध हरकत नोंदवल्यापासून सुधारित बिल हातात पडेपर्यंत मला सात महिने लागले, क्षेत्रीय कार्यालयात पाच खेपा झाल्या आणि घराचे करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कराचे टक्के बसतात ती, 20,974 रुपयांवरून 12,020 रुपयांवर आले. निकाल माझ्या बाजूने लागला म्हणून सेवा उत्तम, असे मात्र मी म्हणणार नाही. या सेवेचा एक भाग खरोखर चांगला चालतो, एक भाग निव्वळ उपचार आहे आणि शेवटचा भाग, म्हणजे लेखी आदेश, अगदीच निराशाजनक आहे. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिका 1949 च्या एकाच अधिनियमाखाली चालतात, त्यामुळे इतर शहरांतील घरमालकांनाही यातले बरेच ओळखीचे वाटेल. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर लावला जातो. तिथला हिशेब वेगळा आहे. आमच्याकडे अजून भाडेमूल्याची पद्धत आहे, म्हणजे घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल त्यावरून कर ठरतो.

घर सासऱ्यांनी बांधलेले, तळमजला आणि वर एक खोली. जुन्या नोंदीप्रमाणे क्षेत्र 712 चौरस फूट. गेल्या वर्षी एका खासगी संस्थेमार्फत शहरातील मालमत्तांचे नव्याने सर्वेक्षण झाले आणि काही महिन्यांनी विशेष नोटीस आली. तीत क्षेत्र 89.93 चौरस मीटर लिहिले होते. आकडा मीटरमध्ये असल्याने तो लहानच वाटला आणि नोटीस दोन दिवस फ्रिजवर तशीच पडून राहिली. नंतर 10.764 ने गुणल्यावर 968 चौरस फूट निघाले, तेव्हा डोळे उघडले. त्यातही 140 चौरस फुटांची पुढची खोली ‘बिगरनिवासी’ दाखवली होती.

हिशेब कसा वाढतो हे एकदा कागदावर मांडून पाहावे, कारण हरकत कशावर घ्यायची ते तिथेच कळते. आमच्या विभागात निवासी वापरासाठी दरमहा चौरस फुटाला दीड रुपया आणि बिगरनिवासी वापरासाठी पाच रुपये असा दर लागला आहे. क्षेत्राला दराने आणि बाराने गुणायचे, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे, की करयोग्य मूल्य येते. सामान्य कर, पाणी, मलनिस्सारण वगैरे सगळे टक्के त्यावर बसतात. जुन्या नोंदीने हे मूल्य 11,534 होते, नव्या नोंदीने 20,974 झाले. या वाढीतले 5,292 रुपये एकट्या पुढच्या खोलीच्या ‘बिगरनिवासी’ शिक्क्याचे होते. तो शिक्का कशामुळे बसला, हे आम्हाला घरात बसून उमगेना. फाटकाबाहेर जाऊन उभे राहिल्यावर उमगले. सासूबाई त्या खोलीत शिलाईकाम करीत. डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांनी नऊ वर्षांपूर्वी मशीन बंद केले, पण ‘लेडीज टेलर’ ही पत्र्याची पाटी फाटकावर राहून गेली होती. सर्वेक्षण करणाऱ्याने घरात पाऊल न टाकता पाटी वाचली आणि रकाना भरला.

हरकत नोंदवण्याची सोय संकेतस्थळावर आहे, असे नोटिशीवर छापलेले होते. प्रत्यक्षात तिथे एकच कागद जोडता येत होता आणि अर्ज सादर केल्यावर क्रमांक आलाच नाही. मुदत 21 दिवसांची असल्याने मी दुसऱ्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आवक खिडकीवर अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने न मागता पोच दिली, तिघांचे अर्ज पाच मिनिटांत घेतले आणि एका आजोबांना त्यांच्या अर्जात मालमत्ता क्रमांक लिहायचा राहिला आहे, हेही दाखवून दिले. या सेवेतील हा टप्पा निर्दोष आहे. ज्यांना संकेतस्थळावरच विसंबायचे असेल त्यांनी निदान अर्ज क्रमांक येईपर्यंत खिडकीकडे पाठ फिरवू नये.

कागदपत्रांत खरेदीखत, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मागील तीन वर्षांची कर भरल्याची बिले आणि घरगुती दराचे वीजबिल जोडले. खोलीत व्यवसाय नाही हे सिद्ध करायला वीजबिलासारखा पुरावा नाही, कारण ते दर महिन्याला येते आणि त्यावर वापराचा प्रकार छापलेला असतो. सर्वेक्षणाचा मूळ तक्ता मात्र विभागाने तोंडी मागणी करूनही दाखवला नाही. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, तेव्हा 26 व्या दिवशी तो मिळाला. वास्तविक ज्या मोजमापावर आकारणी केली ते मोजमाप नोटिशीसोबतच द्यायला हवे. नागरिकाने स्वतःच्याच घराची मापे माहिती अधिकारात मागावीत, यासारखा उलटा प्रकार नाही.

त्या तक्त्यात वरून टिपलेले छायाचित्र होते आणि घोटाळा त्यातच होता. शेजारच्या काकांचे गाडी लावण्याचे पत्र्याचे छप्पर आमच्या सामाईक भिंतीला टेकलेले आहे. वरून पाहणाऱ्याला भिंत दिसत नाही, फक्त सलग पत्रा दिसतो. ते 130 चौरस फूट आमच्या खात्यात आले होते. शिवाय वरच्या खोलीसमोरची उघडी गच्ची, 96 चौरस फूट, बांधकामात धरली होती. छपराबद्दल मला आधी वाटले होते की ‘ते काही बांधकाम नाही’ एवढे म्हटले की काम होईल. सुदैवाने तसे लिहिण्याआधी अधिनियम उघडून पाहिला. त्यातल्या ‘इमारत’ या व्याख्येत छप्पर, झोपडी, गोठा असे सगळेच येते. तेव्हा छप्पर करपात्र नाही असा वाद घालण्यापेक्षा ते आमचे नाही आणि त्यावर आधीच कर भरला जातो, हे दाखवणे शहाणपणाचे होते. त्यासाठी काकांच्या बिलाची झेरॉक्स हवी होती. ती मागायला गेले तेव्हा काका बराच वेळ बिल हातात धरून बसले आणि म्हणाले, “सूनबाई, यातून माझं काही निघायचं नाही ना?” त्यांची भीती अनाठायी नव्हती. त्यांच्या बिलात छपराची नोंद आहे, हे दोघांनी मिळून दोनदा वाचल्यावरच त्यांनी प्रत दिली.

सुनावणी दोन महिन्यांनी झाली. सकाळी 11 ची वेळ एकदम चाळीसेक जणांना दिलेली होती, खुर्च्या बारा होत्या, आणि माझा क्रमांक दुपारी सव्वा दोनला लागला. तोवर इतरांच्या सुनावण्या कानावर पडत होत्या. बहुतेकांचे म्हणणे एकच होते: कर फार वाढला, आम्ही निवृत्त आहोत, इतका भरणे जमणार नाही. अधिकारी प्रत्येकाला शांतपणे एकच उत्तर देत होते की दर आम्ही ठरवत नाही. हे उत्तर कितीही कोरडे वाटले तरी खरे आहे. कराचे दर महासभा ठरवते. अधिनियमाच्या कलम 99 प्रमाणे ते 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात दर नसतात. त्याच्या हातात असते ती फक्त नोंद: क्षेत्र किती, वापर कोणता, बांधकाम कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या वर्षाचे, मालक स्वतः राहतो की भाडेकरू. जो माणूस या नोंदींपैकी एखादी चुकीची असल्याचे दाखवतो त्याचे ऐकले जाते. जो परिस्थिती सांगतो त्याला सहानुभूती मिळते आणि तेच बिल परत मिळते. विभागाने ही गोष्ट नोटिशीच्या पाठीमागे चार ओळींत छापली असती तर त्या दिवशीच्या निम्म्या लोकांचा अर्धा दिवस वाचला असता.

माझी सुनावणी सहा-सात मिनिटांत आटोपली. मी तीन मुद्दे एका पानावर लिहून नेले होते आणि प्रत्येकासमोर पुराव्याच्या कागदाचा क्रमांक टाकला होता. अधिकाऱ्यांनी ते पान वाचले, वीजबिल पाहिले आणि “स्थळपाहणी करून घेऊ” असा शेरा मारला. एवढेच. सुनावणी म्हणतात ती ही.

स्थळपाहणी मात्र या साऱ्या व्यवहारातला उजवा भाग ठरला. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी, विभागाचे निरीक्षक एकटेच दुचाकीवर आले. त्यांनी आधी फाटकावरची पाटी पाहिली आणि हसून म्हणाले, “ताई, ही पाटी काढा. पुढच्या वेळी येणारा माणूस पुन्हा तेच लिहील.” पुढच्या खोलीत दिवाण, नातवंडांची पुस्तके आणि आच्छादन घातलेले शिलाई मशीन होते. त्यांनी आच्छादन उचलून पाहिले, चाकावरची धूळ बोटाने पुसली आणि फोटो घेतला. मग टेपचे एक टोक माझ्या हातात देऊन प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली. प्रत्येक माप ते मोठ्याने म्हणत, मला टेपवर दाखवत आणि मगच लिहीत. सामाईक भिंतीजवळ स्टुलावर चढून छपराचे खांब कोणाच्या अंगणात आहेत, तेही त्यांनी पाहिले. गच्चीवर डोक्यावर आकाश आहे, याची नोंद ‘उघडी’ अशी केली.

मात्र टेप दोन्ही बाजूंनी मोजतो, हे हरकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मागच्या बाजूला आम्ही काही वर्षांपूर्वी न्हाणीघर वाढवले होते, 30 चौरस फुटांचे, आणि ते कधी कळवले नव्हते. निरीक्षक तिथे पोचण्याआधीच मी ते सांगितले. त्यांनी मोजून क्षेत्र 742 चौरस फूट लिहिले. ज्यांनी परवानगीशिवाय मोठे बांधकाम केले आहे, त्यांनी पाहणी मागण्याआधी पुरता विचार करावा. अनधिकृत बांधकामावर दुप्पट कर लावण्याची तरतूद याच अधिनियमात आहे.

पाहणीनंतर सगळे ठप्प झाले. आदेशासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ वाट पाहावी लागली आणि या काळात दोनदा जाऊन आले, तेव्हा ‘फाइल सहीला आहे’ हे एकच उत्तर मिळाले. शेवटी जो आदेश आला तो अडीच ओळींचा होता: हरकत अंशतः मान्य, सुधारित करयोग्य मूल्य 12,020 रुपये. कोणता मुद्दा का मान्य केला, छपराचे काय झाले, पाटीचे काय झाले, याबद्दल एक अक्षर नाही. मला हवे ते मिळाले असल्याने माझे अडले नाही. पण ज्याची हरकत फेटाळली त्याने पुढे कशाविरुद्ध दाद मागायची? कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते, परंतु त्यासाठी मुदत 15 दिवसांची आहे आणि वादातली कराची रक्कम आधी भरावी लागते. कारणे नसलेला आदेश आणि पंधरा दिवसांची मुदत, हा सामान्य माणसाच्या दृष्टीने बंद दरवाजाच आहे.

हरकत प्रलंबित असताना बिल भरावे की नाही, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. मी पहिल्या सहामाहीची पूर्ण रक्कम ‘हरकतीच्या अधीन राहून’ असे पत्र देऊन भरली. थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, आणि फाइल सहीला किती महिने राहील हे आपल्या हातात नसते. जादा भरलेली रक्कम रोख परत मिळाली नाही. ती पुढच्या बिलात वळती झाली.

कार्यालयाच्या आवारात एका करसल्लागाराने पहिल्याच दिवशी गाठले होते. पहिल्या वर्षी वाचेल त्या करातला तिसरा हिस्सा त्यांना हवा होता. आमच्यासारख्या घरासाठी हा खर्च निरर्थक आहे, कारण त्यांनीही हेच कागद जोडले असते. भाडेकरू, पोटमाळा, मिश्र वापर असे गुंतागुंतीचे प्रकरण असेल किंवा अपिलापर्यंत जायचे असेल, तर जाणकार वकील जरूर घ्यावा.

गुण द्यायचे झाले तर आवक खिडकीला पाचपैकी साडेचार, स्थळपाहणीला पाच, सुनावणीला दोन, आदेशाला एक आणि संकेतस्थळाला शून्य. हे लिहीत असताना सुधारित बिल समोर आहे. त्यावर क्षेत्र 68.93 चौरस मीटर, वापर निवासी. संकेतस्थळावर मात्र आमच्या मालमत्ता क्रमांकापुढे आजही 89.93 दिसते, म्हणून सहावी खेप पुढच्या सोमवारी आहे.