डॉयटर रेस एक्सप एअर १२+३ एसएल: सायकललाही तीच, गडावरही तीच

मला एकच सॅक हवी होती. पहाटे पुण्यातून सायकलवर निघायचं, खेड शिवापूर, नसरापूर, मार्गासनी, साखर करत गुंजवण्यात ओळखीच्या घरी सायकल लावायची आणि तीच सॅक घेऊन राजगड चढायचा. सायकलची वेगळी, ट्रेकची वेगळी असले लाड आमच्या माळ्याला परवडत नाहीत. तिथे आधीच साठ लिटरची हिमालयातली सॅक आडवी पसरली आहे.

बरंच शोधून डॉयटरची ही घेतली. कंपनी जर्मन, १८९८ सालची, सुरुवात बव्हेरियाच्या टपालखात्याला पिशव्या पुरवण्यापासून. पाठीला जाळी ताणून मध्ये हवा खेळती ठेवायची पद्धत त्यांनी १९८४ मध्ये आणली आणि मला हवी होती ती नेमकी जाळीच. मूळ जागा १२ लिटर, चेन उघडली की आणखी ३. एसएल म्हणजे बायकांसाठीचा साचा: पाठ आखूड, पट्टे अरुंद.

आता वजन. रिकामी असताना ही किलोच्या आसपास भरते. दुकानात शेजारीच पाव किलोही न भरणाऱ्या, घडी घालून मुठीत मावणाऱ्या सॅक टांगलेल्या असतात आणि ‘लाइटवेट’ म्हटलं की विक्रेता आधी त्याच पुढे करतो. पण हिशोब करा. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. ट्यूब, छोटा पंप, टायर लिव्हर, विंडचीटर, हेडटॉर्च, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, सगळं मिळून दीडेक किलो. साडेतीन किलो तर पाठीवर येणारच. ते खांद्यांवर लोंबतंय की कंबरेवर बसलंय, यावर चढाला तुमचं काय होणार ते ठरतं. माझी आधीची सॅक त्या पातळ जातीतली होती. पेडलवर उभं राहिलं की डावीकडे-उजवीकडे झुलायची आणि उतारावर पुढे वाकलं की सरकत मानेवर यायची. सिंहगडाच्या घाटात मी सायकलपेक्षा तिलाच जास्त सावरत होते. हिचा कंबरपट्टा नीट आवळला आणि छातीची क्लिप लावली की ती जागची हलत नाही. चार तासांनी खांदे मोकळे असतात. मला हलकेपणा म्हणून हवा होता तो हा.

जाळीबद्दल कौतुक आणि तक्रार दोन्ही आहे. आत स्प्रिंगच्या स्टीलची चौकट आहे, त्यावर जाळी ताणलेली, त्यामुळे सॅकचं अंग पाठीला टेकतच नाही. एप्रिलमध्ये जुन्या कात्रज घाटाने चढताना पाठीवर वारा लागतो, हे सुख शब्दशः अंगावर घ्यायचं आहे. घाम येतोच, पण वाळतोही. पट्ट्यांवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. घरी आल्यावर नळाखाली धरायचे, साबण नको.

तक्रार अशी की चौकटीच्या बाकामुळे सामान पाठीपासून दूर जातं. सायकलवर हे जाणवत नाही, गडावर जाणवतं. गुंजवण्याकडून राजगडाला चोरदरवाज्याने चढलात तर शेवटचा टप्पा कातळात, रेलिंग धरून, आणि मग त्या बुटक्या दारातून वाकून आत. मी पाच फूट एक इंच, मी सहज जाते. सॅकचा फुगवटा मात्र वर दगडाला घासतो. आता मी दाराच्या अलीकडेच ती काढते आणि हातातून आत सरकवते. कातळावरच जायचं असेल तर पाठीला चिकटून बसणारी, चौकट नसलेली सॅक चांगली. माझा तीन चतुर्थांश वेळ सायकलवर जातो, म्हणून मी जाळीच्या बाजूने.

उंचीकडे लोक लक्षच देत नाहीत. सायकलवर आपण वाकलेलो असतो, मान वर. सॅक उंच असली की हेल्मेटची मागची कड तिच्या डोक्यावर आपटते आणि समोरचं बघायला मान तिरकी करावी लागते. एसएल आखूड असल्यामुळे हा त्रास नाही. ठेंगण्या पुरुषांनीही ही घालून बघायला हरकत नाही. त्यावर फूल असतं, त्याने काही बिघडत नाही.

सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी प्यायची पिशवी सोबत मिळत नाही, वेगळी घ्यावी लागते. तीन लिटरची बसते असं कंपनी सांगते. बसते, पण मग डब्याला जागा उरत नाही. आणि एक: आधी भरलेली पिशवी आत, मग बाकीचं सामान. उलट केलंत तर त्या वाकड्या पाठीमागून पिशवी खाली ढकलताना बोटं सोलवटतात. पावसाळ्यात नळी वाळवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पाण्याला तळ्याचा वास.

रेनकव्हर आहे, भडक रंगाचं, आणि ताम्हिणीच्या पावसात मागून येणाऱ्या गाडीला लांबून दिसतं. मडगार्ड नसेल तर मागचं चाक पाठीवर चिखलाची जी पट्टी काढतं, तीही त्याच्यावरच जाते. पण सह्याद्रीतला पाऊस समोरून, बाजूने, खालून, कसाही येतो. पाठीकडची बाजू उघडीच राहते, तिथून पाणी झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. कुठल्याही रेनकव्हरचं हेच आहे. त्यामुळे आपला जुना उपाय सोडू नका: आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळं, तोंडाला पीळ.

हेल्मेट अडकवायची जाळी बारीकशी वाटते, पण ट्रेकला तिचं मोल कळतं. गावात हेल्मेट ठेवून जायचं मला पटत नाही आणि हाताला लटकवून कातळ चढता येत नाही.

लॅपटॉप घेऊन ऑफिसला जाणाऱ्यांनी ही घेऊ नये. पाठ बाकदार असल्याने सपाट वस्तू आत नीट बसत नाही. दोन-चार दिवसांची सायकलसफर असेल तर पाठीवर काही घेऊच नका, कॅरिअर बसवा आणि त्याला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या, म्हणजे पॅनिअर, लावा. वजन सायकलने वाहावं, माणसाने नाही. मुक्कामी ट्रेकलाही १५ लिटर पुरत नाहीत, स्लीपिंग बॅगच मावणार नाही.

किंमत जास्त आहे. या पैशांत साध्या चार सॅक येतील. ऑनलाइन सवलत दिसली तरी आधी दुकानात जाऊन घाला. घरून पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आणि हेल्मेट न्या, बाटल्या आत टाका, पट्टे आवळा, काउंटरला हात टेकून हँडल धरल्यासारखं वाका आणि मान वर करा. आजूबाजूचे बघतील. बघू देत. काळा रंग मात्र घेऊ नका, पहाटेच्या अंधारात हायवेवर तो कुणाला दिसत नाही.