नोंदणीतला ‘फुल मॅच’ दाता की घरातला ‘हाफ मॅच’?

रक्ताच्या कर्करोगासाठी दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करायचे ठरले आणि सख्ख्या भावंडांपैकी कोणाचेच एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळले नाही, की कुटुंबापुढे मुख्यतः दोन वाटा उरतात: इच्छुक दात्यांच्या नोंदणीतून शोधलेला, नात्यात नसलेला पण पूर्ण जुळणारा दाता, किंवा आईवडील, मुलगा, मुलगी यांच्यापैकी निम्मे जुळणारे कोणी. एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असल्यामुळे हा प्रश्न अनेक घरांत येतो. माझ्या पत्नीला एएमएल (वेगाने वाढणारा रक्ताचा कर्करोग) होता, केमोने रेमिशन आली होती, म्हणजे आजार तपासणीत दिसेनासा झाला होता, आणि आम्ही दुसरी वाट धरली. त्यामुळे पुढचे लिखाण सर्वस्वी तटस्थ आहे, असे मी म्हणणार नाही.

कागदावर पाहिले तर नोंदणीतला तरुण, पूर्ण जुळणारा दाता सरस वाटतो आणि त्यात तथ्यही आहे. जगभरच्या नोंदण्यांत मिळून चार कोटींहून अधिक इच्छुक दाते आहेत. मात्र त्यांत भारतीय वंशाचे प्रमाण फार कमी, आणि एचएलए वंशपरंपरेने येत असल्याने आपल्या रुग्णाचा जोडीदार बहुधा आपल्याच लोकांत सापडतो. आमच्या सुदैवाने एचएलएच्या दहापैकी दहा खुणा जुळणारे दाते यादीत निघाले.

माझ्या दृष्टीने खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली, आणि ती होती तारखेची. यादीत जुळणारा दाता दिसणे म्हणजे दाता मिळणे नव्हे: त्याच्याशी पुन्हा संपर्क साधायचा, खात्रीसाठी रक्त पुन्हा तपासायचे, त्याची वैद्यकीय तपासणी व्हायची, त्याला रजा मिळायची, घरच्यांची समजूत पटायची. एका दात्याकडून उत्तरच येईना, दुसऱ्याची तारीख पुढे ढकलली गेली. दात्याला नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि तो असलाच पाहिजे. पण एएमएलची रेमिशन कोणाच्या रजेसाठी थांबत नाही. तारीख सरकली की रेमिशन टिकवण्यासाठी केमोचा आणखी एक कोर्स डोक्यावर येतो, त्याबरोबर जंतुसंसर्गाची धास्ती येते, आणि आज ज्या प्रकृतीच्या भरवशावर प्रत्यारोपण ठरले ती प्रकृती पुढच्या महिन्यात तशीच राहील, याची हमी कोणी देत नाही. शिवाय दात्याच्या पेशी मिळवण्याचा काही लाखांचा खर्च रुग्णालयाच्या बिलाहून वेगळा असतो.

घरातल्या दात्याची तारीख आपल्या हातात असते. आमच्या मुलाने पाच दिवस जीसीएसएफची (मूलपेशी रक्तात आणणारी) इंजेक्शने घेतली, अंगदुखी सोसली आणि पेशी दिल्या. पूर्वी निम्म्या जुळणीला डॉक्टर बिचकत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेल्या पद्धतीने चित्र बदलले. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचे औषध दिले, की रुग्णाच्या शरीरावर उठलेल्या दात्याच्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पेशी) नेमक्या मारल्या जातात आणि मूलपेशी मात्र बचावतात.

हा मार्ग सुखाचा आहे असे नव्हे. पेशी चढवल्यानंतर सायक्लोफॉस्फामाइड मिळेपर्यंत पत्नीला जो ताप भरला, त्याची पूर्वकल्पना असूनही आम्ही हादरलो. रक्तपेशींचा काउंट वर यायला शेजारच्या खोलीतल्या फुल मॅच रुग्णापेक्षा अधिक वेळ लागला आणि पुढे बीके विषाणूमुळे लघवीतून रक्त जाण्याचा त्रासही झाला. जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला) मात्र त्वचेवरच्या पुरळापलीकडे गेला नाही. अर्थात एका रुग्णावरून नियम काढू नये. आता हेच औषध पूर्ण जुळणाऱ्या दात्याच्या प्रत्यारोपणातही वापरतात आणि तशी तुलना केली तर काही अभ्यासांत पूर्ण जुळणीचे निष्कर्ष सरस दिसतात, हेही सांगितले पाहिजे. तो दाता वेळेवर मिळाला तर, एवढीच माझी पुस्ती.

आणखी एक गोष्ट आमच्या निर्णयाला पूरक ठरली. पुढे आजार डोके वर काढू लागला, तर त्याच दात्याच्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) पुन्हा द्याव्या लागू शकतात. अशा वेळी दाता घरातच असणे फार सोयीचे.

मात्र आईला मुलाच्या पेशी द्यायच्या असतील तर एक चाचणी टाळू नये. गरोदरपणात आईच्या रक्तात मुलाच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात आणि ती पुरेशी जास्त असल्यास नव्या पेशी रुजतच नाहीत. पत्नीची चाचणी निर्दोष आली म्हणून आमचे जमले. ती तशी आली नसती, तर मुलाऐवजी दुसरा नातलग पाहिला असता, आणि तोही नसता तर नोंदणीतल्या तारखेची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.